तुझ्या गेमवाल्या कादंबरीतली ईशा खोटी का वाटते

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला, आणि सोबत दिलेले चार भागही वाचले. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. साल २०७१. खान्देशात उन्हाळा इतका चढलाय की सकाळी नऊनंतर बाहेर पाय ठेवता येत नाही, म्हणून भुसावळपासून चोपड्यापर्यंत सगळे लोक दिवसभर हेडसेट लावून एकाच गेममधे राहतात, तिथेच काम, तिथेच शाळा, तिथेच बाजार. नायक हर्षल या गेममधे खालून वर चढत चाललाय आणि ईशा त्याच्या पार्टीतली, म्हणजे सोबत लढणाऱ्या टोळीतली, हीलर आहे, जखमी साथीदारांना बरं करणारी. २६ भाग झालेत. वाचक म्हणतात गेम एक नंबर, पण ईशा खोटी वाटते, तिचे सीन आले की आम्ही पुढे सरकवतो. आणि तू विचारतोयस की लव्ह ट्रॅक उडवून टाकू का अजून वाढवू.

तू बावीसचा आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नको.

मी हे कुठून बोलतेय तेही सांगते. मी आणि माझे मिस्टर जळगावात दहा वर्षं सायबर कॅफे चालवत होतो, सोळा मशीन, संध्याकाळी सगळ्या मशीन एकमेकांना जोडून काउंटर-स्ट्राइक, बंदुकांची टीमवाली गेम. २०१६च्या सप्टेंबरमधे जिओ आलं, पोरांच्या हातात नेट गेलं, आणि वर्षभरात आम्ही शटर ओढलं. तेव्हापासून मी विज्ञानकथेच्या मालिका लिहिते आणि नव्या लेखकांच्या मालिका तपासून देते, त्यात गेमवाल्या बऱ्याच असतात, आणि त्यातल्या बहुतेक मालिकांत नायिका तुझ्या ईशासारखीच अडकलेली असते.

तर खरी अडचण रोमान्स कमी की जास्त ही नाहीच. बघ, भाग ९ मधे हर्षल दलदलीतला राक्षस मारतो आणि लगेच ईशा त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघते. भाग १४ मधे किल्ला जिंकतो, ती हात धरते. भाग १९ मधे सातपुड्याचा ड्रॅगन पडतो आणि ती हो म्हणते. तू ठरवून केलं नसशील, पण वाचकाचं डोकं हे बरोबर पकडतं: राक्षस मेला की सोनं पडतं, एक्सपी म्हणजे अनुभवाचे पॉइंट पडतात आणि ईशाचं थोडं प्रेम पडतं. ती लूटमधे, म्हणजे मारल्यावर मिळणाऱ्या मालात, जमा झालीये. आता तू अजून दहा रोमँटिक सीन घातलेस तर ती अजून दहा वेळा लूटमधेच जमा होईल.

काही गोष्टी तुझ्या कथेवर अवलंबून आहेत, त्या मी चार भागांवरून ठरवू शकत नाही. ईशा हाडामांसाची मुलगी आहे की गेममधलं पात्र, हे तू अजून उघड केलेलं नाहीस. गेममधे मेलं की खरंच काही जातं का, तेही नाही. आणि कादंबरीचा जीव जर फक्त वर चढण्यात असेल, म्हणजे वाचक नवीन स्किल आणि नवीन मजला बघायलाच येत असेल, तर प्रेम नसलं तरी काही बिघडत नाही, एक घट्ट मैत्री पुरते. पण तू २६ भागांत तिला इतक्या वेळा आणलंयस त्यावरून मला वाटतं की तुला ती हवी आहे, फक्त तिच्याशी काय बोलायचं ते सुचत नाहीये. म्हणून मी ट्रॅक ठेवायचा असं धरून पुढे लिहिते.

गेम बनवणाऱ्याला सगळं मोजावंच लागतं, त्याचा इलाज नसतो. स्टारड्यू व्हॅली ही २०१६ची शेतीची गेम घे, त्यात गावातल्या माणसाला आठवड्यातून दोन भेटवस्तू देता येतात, मैत्री बदामांत (हार्टमधे) मोजतात, एका बदामाला २५० पॉइंट, आठ बदाम झाले की गुलदस्ता देता येतो, दहा झाले की लग्नाचं लॉकेट. आणि १९९४ साली जपानमधे आलेल्या तोकिमेकी मेमोरियलमधे तर उलटी बाजूही मोजली होती, एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केलं की तिच्या नावापुढे बॉम्ब दिसायचा, आणि तो फुटला की बाकी मुलींच्या मनातूनही तू उतरायचास. मला या दोन्ही गेम मनापासून आवडतात. ज्यांनी बनवल्या त्यांनी मनाचा हिशोब आकड्यांत बसवायचा प्रामाणिक प्रयत्न केलाय, कारण आकड्याशिवाय मशीनला काही कळत नाही. पण कादंबरी मशीनवर चालत नाही ना. तुला आकडा लागतच नाही, तरी तू तो घेऊन बसलायस. गेमला जे मोजता येत नाही ते दाखवायची मोकळीक फक्त तुझ्याकडे आहे आणि ईशा तिथेच जिवंत होईल.

आता न मोजलेली जागा म्हणजे कुठली, हे मी कॅफेत बघितलंय. दहा वर्षांत आमच्या मशीनवर ज्या काही जोड्या जमल्या, त्यातली एकही मॅच जिंकताना जमली नाही. मॅच चालू असताना पोरं फक्त ओरडायची. जे काही व्हायचं ते मधल्या वेळात, सर्व्हर रीस्टार्ट होतोय, नाहीतर लाईट गेलीये आणि यूपीएसवर चार मशीन चालू आहेत, दहावा माणूस यायची वाट बघणं चाललंय. तेव्हा कोण कोणाला वडापावचा अर्धा तुकडा देतो, कोण आपली चांगली खुर्ची सोडतो, ते मी काउंटरवरून बघायचे. तुझ्या गेममधे अशी रिकामी जागाच नाहीये. चार भागांत एकदाही कोणी कंटाळलेलं नाही, कोणी नुसतं बसलेलं नाही. लॉबी लिही, म्हणजे मॅचच्या आधी सगळे थांबतात ती जागा. दारूगोळा भरताना, औषधाच्या पाल्याची जुडी बांधताना, नकाशा लोड व्हायची वाट बघताना त्यांना बोलू दे.

स्वोर्ड आर्ट ऑनलाइन ही जपानी मालिका, ती तू वाचलेली किंवा बघितलेली असणारच, तुझ्या मजल्यांच्या रचनेवर तिची सावली दिसते. दहा हजार लोक गेममधे अडकलेत, गेममधे मेला तो खराच मेला, शंभर मजले जिंकायचेत. आता आठव की नायक किरितो आणि नायिका असुनाचं सगळ्यात गोड वळण कुठे येतं? बाविसाव्या मजल्यावर, जिथे काही घडत नाही, जंगलात एक लाकडी घर आणि तळ्यावर मासे धरणं. लढाई थांबते तिथे. आणि अजून एक गोष्ट आहे तिच्यावर लोक कमी बोलतात. त्या गेममधे लग्न केलं की दोघांची इन्व्हेंटरी, म्हणजे जवळचा सगळा माल, एक होते आणि एकमेकांचं स्टेटस, म्हणजे ताकदीचे आकडे, दिसायला लागतं. म्हणजे मरणाच्या खेळात तू तुझी शस्त्रं, तुझं औषध, तुझं कमकुवतपण सगळं दुसऱ्याच्या हातात देतोस. आणि त्याच नियमावर तिथे एका खुनाचं कोडंही उभं केलंय, कारण बायको मेली की तिचा माल आपोआप नवऱ्याकडे जातो. एकाच नियमातून विश्वासही निघाला आणि दगाही. गेमच्या कादंबरीत रोमान्सचा नियम असावा तर असा, ज्यात देणाऱ्याचं काहीतरी उघडं पडतं. तुझ्या भाग १४ मधली चांदीची अंगठी काय करते? प्लस बारा मॅना, म्हणजे थोडी जादूची शक्ती. भाऊ, त्या अंगठीने हर्षलचं काहीच जात नाही. त्याच्याजवळ तशा तीन आहेत, तूच लिहिलंयस.

दुसरं, रूप. भाग ९ मधे ईशाच्या निळ्या केसांवर, डोळ्यांवर, कमरेवर चौदा ओळी आहेत. पण तुझ्याच जगात रूप फुकट आहे, कोणीही हेडसेट लावून हवं ते रूप घेऊ शकतं, मग त्या चौदा ओळींतून ईशाबद्दल काय कळलं? एवढंच की तिला निळा रंग आवडतो. जिथे सगळेच देखणे आहेत तिथे माणूस ओळखायची खूण रूपाच्या बाहेर शोधावी लागते. रेडी प्लेयर वन ही कादंबरी २०११ साली आली तेव्हा तिच्यात हा प्रश्न बऱ्यापैकी हाताळला होता. नायक एका मुलीच्या अवताराच्या प्रेमात पडतो, ती त्याला स्पष्ट सांगते की तू मला ओळखतच नाहीस, आणि मधेच संबंध तोडून आपल्या शोधाला लागते. तिच्या खऱ्या चेहऱ्यावर मोठा जन्मखूण-डाग आहे, तो अवतारात नाही. पुस्तकात दोघं समोरासमोर भेटतात ते अगदी शेवटी. २०१८च्या सिनेमात मात्र त्यांना अर्ध्यातच भेटवलंय, आणि माझ्या मते तिथे सिनेमाने एक मोठी ताकद घालवली, कारण पुस्तकभर वाचकाच्या पोटात जो गोळा असतो की ही खरी कशी असेल, तिला मी बघितल्यावर काय होईल, तो सिनेमात फार लवकर विरघळतो. माझी तक्रार पुस्तकाबद्दलही आहे, शेवटी ती बरीचशी नायकाच्या विजयाचा भागच होऊन बसते. पण "तू मला ओळखत नाहीस" हे वाक्य तिने म्हणणं, एवढ्यानेच ती बक्षिसाच्या यादीतून निम्मी बाहेर येते.

आपल्याकडे ही खूण कुठे सापडेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत पाहिजे. आवाजात. माईकमधून घर ऐकू येतं रे. कुकरची शिट्टी, कूलरची घरघर, मागून कोणीतरी हाक मारतंय. तुझ्या गेममधे सगळे पुस्तकी प्रमाण मराठी बोलतात, ठीक आहे, समज गेमचा ट्रान्सलेटर आहे. मग एक दिवस ईशाला अचानक बाण लागतो आणि तिच्या तोंडून निघतं "ओ माय वं!" आणि हर्षल लढाईच्या मधे थांबतो, कारण हा शब्द त्याच्या आजीचा आहे. तो अहिराणीत विचारतो, "तुन्हं गाव कोन्तं शे?" आणि ती गप्प होते, माईक बंद करते, दोन दिवस येत नाही. एवढ्या एका सीनने निळ्या केसांचं सगळं काम होईल. आणि ती गप्प का झाली, याचं उत्तर तुला द्यावं लागेल, तिथून तिची स्वतःची गोष्ट सुरू होते.

कारण मुलीने ऑनलाइन गेम खेळणं म्हणजे काय, हे तुझ्या चार भागांत कुठेच नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आमच्या कॅफेत दोन बहिणी यायच्या, दोघी मुलाच्या नावाची आयडी घेऊन खेळायच्या, आणि खोलीत फार पोरं नसतील तेव्हाच. पुढे मोबाईलवर पबजी आलं तेव्हा ज्या मुली मला ओळखायच्या त्या सांगायच्या की आम्ही माईक उघडतच नाही, आवाज ऐकला की अर्धी पोरं नंबर मागतात आणि उरलेली शिव्या देतात. शिवाय घरात फोन एकच, तो भावाच्या हातात, रात्री कोणाशी बोललीस ते बघणारे चार जण. तुझी ईशा २०७१ मधली आहे, तेव्हा हे बदललं असेल का? बदललं असेल तर कसं बदललं ते दाखव, तीच तर विज्ञानकथा आहे. नसेल बदललं तर ईशा हीलर का झाली याचंच उत्तर वेगळं निघेल. हीलर मागे उभा राहतो, त्याला कोणी बोलायला सांगत नाही. कदाचित तिला शांत राहायचं होतं म्हणून तिने ते घेतलं आणि हर्षल समजतोय की ती स्वभावाने मायाळू आहे. हा गैरसमज तुझ्या हातात आला तर पुढचे पाच भाग आपोआप लिहून होतील.

तिसरं, काय जाऊ शकतं. गेममधे मरण स्वस्त असतं, नॉक झाला, रिव्हाइव्ह दिला, उठला. म्हणून हर्षलने ईशाला तीनदा वाचवलं तरी वाचकाला काही वाटत नाही. मग खरं जाणारं काय? मी डोळ्याने बघितलेलं एक सांगते. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली, तरी ज्यांच्या फोनमधे होती त्यांची चालू होती, आणि मग ३० ऑक्टोबरला सर्व्हर खरोखर बंद झाला. आमच्या ओळखीतला एक पोरगा, सावद्याकडचा, केळीच्या गाडीवर काम करायचा, तो आठ महिने एका मुलीसोबत एकाच स्क्वाडमधे, म्हणजे टीममधे, खेळत होता. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फक्त आयडी. त्याने कधीच नंबर मागितला नव्हता, कारण सगळे मागतात आणि त्याला सगळ्यांसारखं व्हायचं नव्हतं. शेवटच्या रात्री दोघं मॅचमधे उतरले आणि बंदूक उचललीच नाही, गाडी घेऊन नुसते नकाशाभर फिरले, झोन, म्हणजे खेळायची हद्द, आत येत गेला तसे आत सरकत गेले. त्या रात्री पण त्याने नंबर मागितला नाही. तिने दिला. हे मला त्याने दोन वर्षांनी सांगितलं आणि सांगताना त्याचा गळा दाटला होता. या गोष्टीत एकही राक्षस मेला नाही, आणि माझ्या सगळ्या मालिकांत मिळून एवढा चांगला सीन मी लिहिलेला नाही.

तर तुझ्या जगात परत न मिळणारी गोष्ट ठरव. सर्व्हर, आयडी, आठवणीची नोंद, डोळे, वेळ, काहीही. फक्त ती रिव्हाइव्ह होता कामा नये.

ईशा जर गेममधलं पात्र निघणार असेल, तर एकच सांगते. ज्याला "आवडतं" म्हणायलाच बनवलंय त्याच्या हो म्हणण्यात वजन नाही. तिला नाही म्हणता आलं पाहिजे आणि ते नाही हर्षलला महागात पडलं पाहिजे, तिथपर्यंत तू प्रेम हा शब्दही वापरू नको. मी माझ्या दुसऱ्या मालिकेत हे उलटं केलं होतं, पात्र पहिल्यापासून नायकावर जीव टाकत होतं, आणि सत्तर भाग लिहिल्यावर मला कळलं की मी एका माणसाची स्वतःशीच चाललेली बोलणी लिहितेय. ती मालिका मी काढून टाकली.

विज्ञानाचा धागा रोमान्सच्या आत घाल असं मी सगळ्यांना सांगते, तुलाही सांगते. लोक विज्ञान लढाईसाठी ठेवतात आणि प्रेम आलं की एकदम पावसात भिजायला लागतात. माझ्या एका मालिकेत नायक चंद्रावरच्या खाणीत कामाला होता आणि मुलगी अमळनेरला, दोघं एकच गेम खेळायचे. चंद्रापर्यंत सिग्नल जायला साधारण सव्वा सेकंद लागतो, यायला तेवढाच, म्हणजे तू काही विचारलंस की उत्तर यायला अडीच सेकंद लागणारच. आता तो विचारतो, "मी परत आल्यावर भेटशील?" आणि अडीच सेकंद काहीच नाही. मग तीन. साडेतीन. हा जो वरचा एक सेकंद आहे तो तिचा आहे, लॅगचा नाही, आणि पुढे पुढे तो तिच्या सेकंदांवरूनच तिला ओळखायला लागतो. वाचकांनी त्या मालिकेवर जितकं लिहिलं तितकं माझ्या कुठल्याच लढाईवर लिहिलं नाही.

तुझ्याकडे तर ऊन आहे, एवढं मोठं हत्यार आहे आणि ते तू पहिल्या भागानंतर वापरलेलंच नाही. आत्ताच मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तुझ्या २०७१ मधे घरातल्या पत्र्याचं काय होत असेल? कोणाच्या घरात गारवा आहे आणि कोणाच्या नाही, हे गेममधे दिसत नाही पण खेळण्यात दिसतं. दुपारी दोनला ज्याचा हात थरथरतो त्याच्या घरी कूलर बंद पडलाय. हर्षलला हे ईशाच्या हीलच्या टायमिंगवरून कळलं तर? सकाळी तिचं औषध बरोबर वेळेवर येतं, दुपारी अर्धा सेकंद उशिरा. तो काही बोलत नाही, फक्त दुपारच्या लढाया टाळायला लागतो, पार्टीतले बाकी दोघं चिडतात, त्याचा क्रमांक घसरतो. बघ, इथे त्याचं काहीतरी गेलं. आणि तिला जेव्हा कळेल की तो दुपारी का खेळत नाही, तेव्हा तिला रागही येऊ शकतो, की माझी गरिबी तू मोजत बसलास? ते भांडण लिही. ते भांडण मला वाचायचंय.

आणि आखाजी वापर ना भाऊ. अक्षय्य तृतीया येते ती ऐन उन्हाळ्यातच, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. तुझ्या काळात झोके रात्री बांधत असतील, अंधार पडल्यावर, लिंबाच्या झाडाला, झाडं उरली असतील तर. ईशाची मोठी बहीण माहेरी आलीये, घर भरलंय, हेडसेट भाच्याने पळवलाय, चार दिवस ईशाचं नाव यादीत करड्या रंगात. हर्षल रोज लॉबीत येतो, करडं नाव बघतो, जातो. चार दिवस लढाई नको, फक्त हे.

आता भाग १९. माझं ऐकशील तर ड्रॅगन पडू दे, पण हो तिथून काढ. ड्रॅगन पडायच्या पाच मिनिटं आधी ईशाला जावं लागतं, कारण तिच्या गल्लीत पाण्याचा टँकर आलाय आणि घरात हंडा धरायला दुसरं कोणी नाही. ती जाते म्हणून पार्टी जवळजवळ हरते, जिंकल्यावर बाकी दोघं म्हणतात तिला वाटा द्यायचा नाही, ती पळाली. हर्षलला ती का गेली ते माहीत नाही. तो काय करतो यावर भाग संपव, आणि ती परत आल्यावर त्याला काही विचारते की नाही हे विसाव्या भागासाठी ठेव. लिहून झालं की पाठव, मी वाचते. फक्त लिहायला बसायच्या आधी तो टँकर कोणत्या वाराला येतो, किती वाजता येतो आणि ईशाच्या घरापासून किती लांब उभा राहतो, एवढं एका कागदावर लिहून घे.